भाकरीचे ऋण : कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील तीन थोर पुरुष
(तृतीय वर्ष कला, इतिहास)

ज्या मातीत आपण जन्मलो आणि वाढलो, त्या मातीचा इतिहास आपणांस ठाऊक आहेच, असा प्रत्येकाचा समज असतो. माझाही होता. तो समज गेल्या वर्षी वर्गातच गळून पडला. फ्रेंच राज्यक्रांतीवरचा तास संपत आला होता. बॅस्टिलचा तुरुंग 14 जुलै 1789 रोजी पडला, हे आम्ही सर्वांनी एका सुरात सांगितले. सर हसले आणि म्हणाले, "छान! आता सांगा, कुंडलला तुफान सेना उभी राहिली ती कोणत्या साली?" वर्गात शांतता पसरली. कुंडल आमच्या महाविद्यालयापासून एसटीने तासाभराच्या वाटेवर आहे आणि पॅरिस कित्येक हजार मैलांवर. तरी आम्हांला पॅरिस जवळचे आणि कुंडल दूरचे वाटावे, ह्याची मला त्या दिवशी खरोखर लाज वाटली.

सरांनी मग आम्हांस एक काम दिले. आपल्या भागातील तीन माणसे निवडायची, एक स्वातंत्र्यलढ्यातील, एक साहित्यातील, एक क्रीडाक्षेत्रातील, आणि त्यांच्याविषयी लिहायचे. मी क्रांतिसिंह नाना पाटील, अण्णा भाऊ साठे आणि खाशाबा जाधव अशी तीन नावे लिहून दिली. तीन वेगळी क्षेत्रे, तेव्हा लेखाचे तीन वेगळे भाग पडतील, इतकाच माझा हिशेब होता. पण वाचत गेलो, मित्राच्या मोटारसायकलवरून तिन्ही गावे पाहून आलो, आणि हळूहळू लक्षात आले की ही गोष्ट तीन ठिकाणची नाही, एकाच ठिकाणची आहे. ती कशी, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

खोरे एक, वारसा एक

येडे मच्छिंद्र, वाटेगाव आणि गोळेश्वर ही तीन गावे. पहिली दोन वाळवा तालुक्यात, तिसरे कऱ्हाड शहराला लागून. आज पहिली दोन सांगली जिल्ह्यात आणि तिसरे सातारा जिल्ह्यात मोडते. परंतु ही तिन्ही माणसे जन्मली तेव्हा हा सगळा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता. 1949 साली त्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि 1960 साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. सकाळी कऱ्हाडहून निघालेला माणूस ही तिन्ही गावे पाहून दिवेलागणीला घरी परत येऊ शकतो. आम्ही तसेच परत आलो.

ह्या खोऱ्याला आधीपासूनच एक वारसा होता. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचे जलसे येथील गावोगाव फिरत. सावकार, भिक्षुकशाही आणि अज्ञान ह्यांच्याविरुद्ध बोलण्याची सवय येथील शेतकऱ्याला स्वातंत्र्याच्या लढ्यापूर्वीच लागली होती. 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले ह्या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचे बी पेरले. गावोगाव तालमी होत्या, जत्रेला कुस्त्यांचे फड पडत, तमाशाची आणि पोवाड्याची आवड तर रक्तातच. म्हणजे विचार, शरीर आणि शब्द ह्या तिहींची मशागत येथे आधीच झाली होती. पुढे जे पीक आले ते ह्याच रानातले.

नाना पाटील : तलाठ्याचे दप्तर ठेवून

नाना रामचंद्र पाटील ह्यांचा जन्म 3 ऑगस्ट 1900 चा. धिप्पाड देह, खणखणीत आवाज आणि बोलण्यात अस्सल गावरान ढंग. ते तलाठी होते. त्या काळी खेड्यात तलाठ्याची नोकरी म्हणजे केवढा मान! ती सोडून 1930 च्या कायदेभंगाच्या चळवळीत ते उतरले. पुढील बारा वर्षे तुरुंग आणि गाव, गाव आणि तुरुंग अशीच गेली. त्यांची सभा म्हणजे पुस्तकी व्याख्यान नसे. बैल, नांगर, पेरणी, सासू-सून, सावकाराची वही असे दाखले देत ते साम्राज्यशाही म्हणजे काय हे अक्षरशत्रू माणसालाही समजावून सांगत.

1942 च्या 'छोडो भारत' ठरावानंतर सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. सप्टेंबरात तासगावच्या कचेरीवर लोकांनी तिरंगा फडकवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 9 सप्टेंबरला, वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि हातात झेंडा घेतलेले परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी धारातीर्थी पडले. निःशस्त्र मोर्चाला गोळीने उत्तर मिळते, हे पाहिल्यावर चळवळीने वळण बदलले. कार्यकर्ते भूमिगत झाले. 1943 पासून 1946 पर्यंत सुमारे दीडशे गावांत इंग्रजांच्या कारभाराला बाजूस सारून लोकांनी आपला कारभार चालवला. तेच सातारचे प्रतिसरकार. नाना पाटील त्याचे सर्वमान्य नेते. जी. डी. बापू लाड, नागनाथ नायकवडी, किसन वीर अशी कितीतरी माणसे त्यात होती. कुंडलची तुफान सेना 1943 चीच. सरांच्या प्रश्नाचे उत्तर हे असे उशिरा मिळाले!

प्रतिसरकार म्हटले की आपल्यासमोर आगगाड्या अडवणे आणि खजिने लुटणे एवढेच येते. ते झाले हे खरे. पण मला अधिक महत्त्वाचे वाटले ते त्यांचे रोजचे काम. गावोगाव न्यायदान मंडळे बसली आणि बांधावरचे, भाऊबंदकीचे, कर्जाचे वर्षानुवर्षांचे तंटे त्यांनी गावातच मिटवले. कर्ज काढून लग्ने करू नयेत म्हणून थोडक्या खर्चाचे 'गांधी विवाह' लावले. दारूबंदी, साक्षरता, वाचनालये, अस्पृश्यता निवारण ही कामे बंदुकीच्या धाकात नव्हे, लोकांच्या संमतीने चालली. एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगितली पाहिजे. फितूर आणि गुंड ह्यांना तळपायांवर मारण्याची शिक्षा दिली जाई. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, त्यावरून ह्या सरकारास लोक 'पत्री सरकार' म्हणू लागले. ह्या शिक्षेच्या कथा पुढे फुगवून सांगितल्या गेल्या असतील, पण तिच्यात कठोरपणा होता हे नाकारून इतिहास लिहिता येणार नाही. थोरांविषयी लिहिताना न पटणाऱ्या गोष्टी झाकून ठेवणे हा त्यांचा गौरव नव्हे.

आता माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला तो असा. जवळजवळ चार वर्षे हा धिप्पाड, हजारांत उठून दिसणारा माणूस पोलिसांना सापडला कसा नाही? डोंगरदऱ्या आहेत, ऊस आहे, हे खरे. पण ऊस माणसाला लपवतो, जेवायला घालत नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात नव्हे, घरात मिळाले. ते शेवटी सांगतो.

स्वातंत्र्यानंतर नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. 1957 साली साताऱ्यातून आणि 1967 साली बीडमधून लोकांनी त्यांना लोकसभेवर पाठवले. 6 डिसेंबर 1976 रोजी ते गेले. ज्या माणसाच्या शब्दावर दीडशे गावे चालली, त्याने स्वतःसाठी काही गोळा केले नाही. त्यांच्या कन्या हौसाताई पाटील ह्याही भूमिगत चळवळीत होत्या. 2021 साली त्यांचे निधन झाले आणि त्या पिढीचा आणखी एक दिवा विझला.

अण्णा भाऊ : शाळेबाहेरचे विद्यापीठ

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णा भाऊ, 1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मले. त्यांची शाळा दीड दिवसाची, हे आपण सर्वजण ऐकून आहोत. ते आपण कौतुकाने सांगतो. पण ती कौतुकाची गोष्ट आहे का? जी शाळा अशा बुद्धीच्या मुलाला दीड दिवसाहून अधिक ठेवून घेऊ शकली नाही, तिच्याविषयी आपण विचार करावयास हवा. पोटासाठी हे कुटुंब वाटेगावहून मुंबईला पायी गेले. एसटीच्या वेळापत्रकात आपण जे अंतर तासांत वाचतो, ते त्या मुलाने पावलांनी मोजले.

मुंबईत पडेल ते काम, गिरणीतील मजुरी, कामगारांच्या चाळी आणि कम्युनिस्ट चळवळ हेच त्यांचे विद्यापीठ झाले. 1944 साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पूर्वीच्या तमाशातील गण-गौळण बाजूला ठेवून त्यांनी कामगार आणि शेतकरी ह्यांची सुखदुःखे रंगमंचावर आणली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड घरोघर पोहोचली.

तीसहून अधिक कादंबऱ्या, कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे प्रवासवर्णन, एवढे लेखन उण्यापुऱ्या एकोणपन्नास वर्षांच्या आयुष्यात त्यांनी केले. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी 1959 साली आली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे. 1961 साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तिचा नायक इंग्रजी अमलात हजेरीच्या जाचाखाली भरडलेल्या जमातीचा. दुष्काळात माणसे भुकेने तडफडत असताना तो धान्य लुटतो आणि वाटून टाकतो. 'वारणेच्या खोऱ्यात' ह्या कादंबरीत तर बेचाळीसचा लढाच आहे. म्हणजे नाना पाटलांनी जे रान तापवले, त्याच रानाचा धूर अण्णा भाऊंच्या शाईत उतरला. 'स्मशानातील सोनं' ह्या कथेतील भीमाची खाण बंद पडते आणि तो मुंबईच्या मसणवटीत राख चाळू लागतो. कथा वाचून मी पुस्तक मिटले, पण त्या रात्री ताटातली भाकरी नीट गिळवली नाही.

अण्णा भाऊंची माणसे भूक लागली म्हणून रडत बसत नाहीत. ती मान वर करून जगतात, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. 1958 साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी जो विचार मांडला त्याचे सार हेच की, पृथ्वी कोणा शेषाच्या मस्तकावर नव्हे, कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे. हा विचार त्यांना ग्रंथातून मिळाला असेल, तसा आपल्या गावातूनही मिळाला असला पाहिजे, असे मला वाटते. कारण ह्या खोऱ्यातील राज्य त्यांच्या डोळ्यांसमोर अशाच तळहातांनी काही काळ चालवून दाखवले होते.

18 जुलै 1969 रोजी मुंबईत, गोरेगावात, त्यांनी देह ठेवला. अखेरचे दिवस हलाखीचे आणि एकाकी होते. 2002 साली त्यांचे टपाल तिकीट निघाले. 2022 साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. जिवंतपणी ज्याच्या डोक्यावर धड छप्पर नव्हते, त्याला आपण मरणानंतर संगमरवर आणि ब्राँझ देतो!

खाशाबा : मातीतून मॅटवर

कऱ्हाडच्या वेशीवर कृष्णाकाठी गोळेश्वर आहे. खाशाबा दादासाहेब जाधव ह्यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी तेथे झाला. घरात कुस्ती वडिलांपासूनची. खाशाबा अंगाने लहान, म्हणून पुढे त्यांना 'पॉकेट डायनॅमो' असे नाव पडले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना बेचाळीसची चळवळ पेटली. भूमिगतांना आसरा देणे, पत्रके पोहोचवणे ही कामे त्या शाळकरी पोराने केली, असे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे. म्हणजे आमच्या तिसऱ्या नावाची पाळेमुळेही पहिल्या नावाच्या मातीतच निघाली.

1948 साली लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाची सोय केली. आजवर तांबड्या मातीत खेळलेला हा मल्ल मॅटवर उभा राहिला, नियम वेगळे, गुणांची पद्धत वेगळी. तरीही फ्लायवेट गटात तो सहावा आला. ह्या अपयशातून तो जे शिकला ते चार वर्षे घोटत राहिला.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसा नव्हता. तेव्हा जे घडले ते आपल्या महाविद्यालयीन जीवनातील प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. उरलेल्यासाठी गावकऱ्यांनी आणि स्नेह्यांनी वर्गणी काढली. ती वर्गणी कोणी दिली असेल? ज्यांच्या घरी दुभत्याची एक म्हैस, ज्यांची दोन-चार एकर जिरायत, अशाच माणसांनी. वर्गणीच्या त्या वहीत लहानसहान आकडेच अधिक असणार.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीई ह्याच्याशी झालेली लांबलेली लढत ते हरले. तोच इशीई पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. ह्या दमछाकीनंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना रशियन मल्लासमोर उभे करण्यात आले. नियमाप्रमाणे दोन लढतींत अर्धा तास मिळावयास हवा होता, पण त्यांच्या बाजूने हे ठासून सांगणारा जाणता माणूस तेथे जवळ नव्हता. तरी 23 जुलै 1952 रोजी ब्राँझपदक त्यांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले, हेही विसरता कामा नये. असे दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास 1996 साल उजाडावे लागले, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे. कुस्तीत तर 2008 पर्यंत, तब्बल छप्पन्न वर्षे, वाट पाहावी लागली.

पदक घेऊन खाशाबा कऱ्हाडला उतरले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मला सर्वांत भावते ते पुढचे. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्यातून मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. पदकापेक्षा हे घर सोडवणे मोठे, असे मी म्हणालो तर अतिशयोक्ती वाटेल. पण ज्या देशासाठी ते लढले त्या देशाला त्यांचे ऋण फेडायला किती काळ लागला ते पाहा. 1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. 1982 च्या दिल्ली एशियाडच्या मशाल दौडीत त्यांना मान मिळाला. 1983 साली ते निवृत्त झाले आणि 14 ऑगस्ट 1984 रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 चा, मरणोत्तर. दिल्लीतील कुस्ती सभागृहाला नाव दिले ते 2010 साली. सामान्य मल्लाने आपले ऋण काही दिवसांत फेडले, आणि मोठ्या देशाने अर्धशतक घेतले.

आपण त्यांना वाटून घेतले

तिन्ही चरित्रे शेजारी ठेवली म्हणजे एक धागा स्पष्ट दिसतो. नाना पाटील चार वर्षे भूमिगत राहिले ते त्यांना सांभाळणाऱ्या घरांच्या जिवावर. खाशाबा हेलसिंकीला पोहोचले ते गहाण घराच्या आणि वर्गणीच्या जिवावर. आणि अण्णा भाऊंनी आयुष्यभर लिहिले ते ह्याच निनावी माणसांविषयी. एकाला लोकांनी राखले, दुसऱ्याला लोकांनी पाठवले, तिसऱ्याने लोकांना शब्द दिले. राजकारण, क्रीडा आणि साहित्य हे तीन विभाग आपल्या अभ्यासक्रमात आहेत, खोऱ्यात नव्हते. तालमीतला पोरगा तुफान सेनेत गेला. शाहीर शंकरराव निकमांसारख्यांच्या डफाने प्रतिसरकारचा विचार गावोगाव नेला. लढ्याची कादंबरी झाली.

आणि आज? मला स्पष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. आज आपण ही माणसे आपापसांत वाटून घेतली आहेत. ऑगस्ट महिन्यात दोन दिवसांच्या अंतराने दोन जयंत्या येतात. एकीचे फलक एका आळीत, दुसरीचे दुसऱ्या. ज्या आळीत अण्णा भाऊंचा फोटो, तेथे नाना पाटील नाहीत. जेथे नाना पाटील, तेथे अण्णा भाऊ नाहीत. खाशाबा तालमीपुरते. ज्यांनी वेशीच्या आतले आणि बाहेरचे हे अंतर मिटवण्यासाठी आयुष्य वेचले, त्यांच्याच नावाने आपण नवी वेस बांधतो आहोत. कर्ण्यांचा आवाज वाढला म्हणून अभिमान वाढत नाही. ज्या विद्यार्थ्याने फलकावरचे नाव वाचले आणि 'फकिरा' वाचली नाही, त्याने नुसती सावली पाहिली.

आणखी एक उणीव मला जाणवली. ह्या इतिहासात नावे पुरुषांची आहेत. इंदुताई पाटणकर, हौसाताई पाटील अशी थोडी नावे सोडली तर बाया कोठे आहेत? भाकरी कोणी थापल्या? आणि गावकुसाबाहेरच्या घरांनीही भूमिगतांना आसरा दिला असेल, त्यांची नोंद कोणी केली?

घरातला धडा

आता ते राहिलेले उत्तर. माझ्या पणजीला आम्ही घरात 'थोरली आई' म्हणत असू. तिचे लग्न बालवयात झाले. सासर कुंडलच्या बाजूचे. बेचाळीस-त्रेचाळीस साली ती बारा-तेरा वर्षांची नवी सून होती. माझे लेखनाचे काम चालू असताना मी मोठ्याने नाना पाटलांचे नाव वाचले. ती दाराशी लसूण सोलत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "तवा आमी भाकऱ्या थापल्यात की."

मी चमकून विचारले, "कुणासाठी, थोरल्या आई?"

"आरं बाळा, आमी कुटं इचारलं? सासूबाई म्हनायच्या, रानात मानसं हायती, धा भाकरी जादा टाक. पाटीत भाकरी, वर शेनी. वाटंत कुनी भेटलं तर म्हनायचं, शेनी घिऊन चाललीया. मानसं कोन, ते न्हाई बगितलं. बांधावर पाटी ठिवायची आन् मागं न बगता माघारी यायचं."

चार वर्षे नाना पाटील का सापडले नाहीत, ह्याचे उत्तर ते हेच. मागे न पाहता परत फिरणाऱ्या बाया गावोगाव होत्या, म्हणून.

मी म्हणालो, "थोरल्या आई, हे सगळं मी मोबाइलवर नीट उतरून घेतो. परीक्षा होऊ दे, दिवाळीच्या सुट्टीत निवांत बसू." ती हसली. "बस की. मी कुटं पळून चाललीया?" दिवाळीला पंधरा दिवस उरले असताना, नव्वदी ओलांडलेली माझी थोरली आई झोपेतच गेली. तिने दिलेली सहा-सात वाक्ये माझ्या वहीत आहेत, एवढेच. घरात आणखी कोण होते, धान्य संपल्यावर काय केले, पोलीस आले का, भीती वाटली का, हे मी विचारले नाही. विचारायला पाच मिनिटे लागली असती.

गेल ऑम्व्हेट ह्या विदुषी अमेरिकेत जन्मल्या. त्या ह्याच वाळवा तालुक्यातील कासेगावी येऊन राहिल्या, येथल्याच झाल्या आणि सातारच्या प्रतिसरकारवर त्यांनी अभ्यासपूर्ण लेखन केले. 2021 साली त्या वारल्या. समुद्रापलीकडून एक बाई येते आणि आमच्या आज्या-पणज्यांच्या लढ्याचा अर्थ शोधते. आणि मी, त्याच घरातला पोरगा, एका उंबऱ्याचे अंतर ओलांडू शकलो नाही. ही खंत मला जन्मभर राहील.

म्हणून माझ्या मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांना एक विनंती करून हा लेख संपवतो. आपल्या महाविद्यालयात इतिहासाचा विभाग आहे, मराठीचा आहे, जिमखाना आहे. ह्या तिघांनी मिळून एक काम हाती घ्यावे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील किंवा आळीतील एका वृद्ध माणसाजवळ बसावे आणि त्याच्या आठवणी त्याच्याच बोलीत लिहून आणाव्यात. शाळा कशी सुटली, कुस्तीचा फड कसा होता, तमाशात काय पाहिले, दुष्काळात काय खाल्ले, काहीही चालेल. बेचाळीस पाहिलेली माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. पण त्यांच्याकडून ऐकलेली मुले, सुना आणि नातवंडे अजून आहेत. वेशीच्या आतले ऐकावे, तसे बाहेरचेही ऐकावे. बायांना आधी विचारावे, कारण त्या आपणहून सांगत नाहीत. ह्या वह्या ग्रंथालयात ठेवाव्यात आणि त्यांतील निवडक भाग दरवर्षी ह्या अंकात छापावा.

खाशाबांनी आपल्या प्राचार्यांचे गहाण घर सोडवले. आपल्यावरचे ऋण भाकरीचे आहे आणि ज्यांचे आहे त्यांनी ते कधी मागितले नाही. ते पैशाने फिटणार नाही. त्यांची नावे विचारून लिहून ठेवणे एवढे मात्र आपल्या हाती आहे. मी दिवाळीची वाट पाहिली. तुम्ही पाहू नका. हा अंक हातावेगळा करा आणि आज संध्याकाळीच घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी जाऊन बसा.